डोंगरावर जावयाला जिंकवण्याची रीत

आमच्याकडे गोल्फ खेळतात असं सांगितलं की नागपूरकडचे नातेवाईक हसतात. आदिलाबाद जिल्ह्यात कापूस आहे, साग आहे, हायवे आहे, इथपर्यंत ऐकून घ्यायची त्यांची तयारी असते. गोल्फ म्हटलं की ते माझ्या वयाकडे बघतात आणि मग माझ्या बायकोकडे सहानुभूतीनं बघतात. पण खेळतात हे खरं आहे. इचोड्याच्या अलीकडे हायवे सोडून आत शिरलं की एक मुरमाड डोंगर लागतो, आणि त्यावर माझ्या एका शाळासोबत्यानं नऊ भोकं पाडून ठेवली आहेत.

सोबती तेलुगू आहे, पण एकाच वर्गात बसल्यामुळे तो भांडतो मराठीत आणि समजूत घालतो तेलुगूत. आयुष्यभर त्यानं पाणी अडवायचे ठेके घेतले. बांध, चर, पाझर तलाव, हेच त्याचं जग. म्हातारपणी मुलाकडे परदेशात राहून आला, तिथं कुणीतरी त्याला गोल्फ दाखवला, आणि परतल्यावर त्याला आपल्या डोंगराचं काय करायचं ते कळलं. त्या डोंगरावर ज्वारीसुद्धा कधी धड आली नव्हती. निजामाच्या काळापासून कागदावर ती जमीन 'नाकाबिल', म्हणजे कशाच्याच लायकीची नाही, म्हणून पडून होती. मी मंडल कार्यालयात कारकून होतो, तो कागद मी स्वतः पाहिलेला आहे. अशा जमिनीला साजेसे खेळाडू मिळायला फार वेळ लागला नाही. त्यात पहिला मी.

परदेशात म्हणे भोकाभोवती मखमली हिरवळ असते. इथं एप्रिलमध्ये माणसांना प्यायला पाणी पुरत नाही, गवताला कोण पाजणार? म्हणून सोबत्यानं प्रत्येक भोकाभोवती खळं केलं. ज्वारी मळायला करतात तसंच. मुरूम पसरला, पाणी मारलं, रूळ फिरवला आणि वरून शेणानं सारवलं. गावातल्या बाया अधूनमधून येऊन सारवून जातात, आणि त्या दिवशी खेळायला गेलात तर चेंडू उचलण्याआधी जरा विचार करावा लागतो. शिवाय प्रत्येक खळ्याच्या उताराकडच्या बाजूला त्यानं बांध घातला आहे. पाणी अडतं तर चेंडू काऊन अडणार नाही, असा त्याचा सवाल. असं जगात कुठे नसतं, असं कुणी म्हटलंच तर तो म्हणतो, "एम कादु," म्हणजे काही होत नाही, आणि चहा मागवतो.

मी तिथं जायला लागलो ते साखरेमुळे. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. आमच्या गावात बिनकामाचं चालणं फार अवघड असतं. दर दहा पावलांवर कुणीतरी विचारतं, "कुटं चालले सार?" आणि कुठेच नाही असं उत्तर दिलं की तो माणूस घरी येऊन बायकोला विचारतो, सारची तब्येत बरी आहे ना. हातात लोखंडी दांडा असला की मात्र कुणी विचारत नाही, बाजूला होऊन वाट देतात. माझा गोल्फ असा सुरू झाला.

कमी फटक्यांत चेंडू भोकात घालील तो ते भोक जिंकतो. पण डोंगरावरच्या गोल्फचं एक शास्त्र आहे, आणि ताकदीचा त्यात फारसा उपयोग नाही. चढावर मारायचं तर दिसतं त्याहून अंतर जास्त धरायचं, उतारावर कमी. चेंडू आपल्या पायांपेक्षा उंचावर पडला असेल तर तो डावीकडे पळतो, पायांपेक्षा खाली असेल तर उजवीकडे. डोळ्यांवर तर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. मागे मोठा डोंगर असला की खळं आपल्याकडे उतरतंय असं वाटतं, आणि प्रत्यक्षात ते नाल्याकडे उतरत असतं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे भोकाच्या खालच्या अंगाला राहायचं. वरच्या अंगाला राहिलात तर नुसता हात लावलेला चेंडूसुद्धा सारवलेल्या खळ्यावरून सुटतो आणि बांधावरून उडी मारून पलीकडच्या कापसाच्या पळाटीत जातो. खालून मारला तर चढ त्याला धरतो.

हा शेवटचा नियम मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. अख्खी नोकरी मी त्याच्यावर काढली. साहेब कोणताही येवो, हैदराबादचा असो की निर्मलचा, आपण त्याच्या खालच्या अंगाला. त्याला भाषा येत नसेल तर आपली विसरायची, त्याला क्रिकेट आवडत असेल तर आपल्यालाही आवडतं, आणि त्याच्यासोबत कॅरम खेळायला बसलो तर राणी त्याचीच. हरतानाही फार हरायचं नाही, थोडक्यात हरायचं, म्हणजे साहेबाला जिंकल्यासारखं वाटतं. कितीतरी साहेब आले, बदलून गेले, आणि मी निवृत्तीपर्यंत त्याच पंख्याखाली बसलो. पंखा चांगला होता.

मला मुलगी एकच. कॉलेजात असताना रविवारी ती माझ्यासोबत डोंगरावर यायची, माझ्यावर लक्ष ठेवायला म्हणून आईनं पाठवलेली. महिनाभरात तिला खेळ आला. मला अजून यायचा आहे. तिचं अंग असं वळायचं की चेंडूला जाण्यावाचून इलाज नसायचा, आणि कोणता उतार कुठे नेतो हे ती एकदाच बघून लक्षात ठेवायची. लग्न झालं तेव्हा ती शिक्षक भरतीची परीक्षा देऊन बसली होती आणि यादीचा पत्ता नव्हता. जावई पुण्याचे, कॉम्प्युटरवाले, घरी बसून अमेरिकेची कामं करणारे, आणि हौसेनं गोल्फ खेळणारे. चांगला मुलगा आहे, आजही म्हणतो. यादी लागली लग्नानंतर, आणि मुलीचं नाव त्यात होतं. गुडीहत्नूर मंडलातल्या एका गावची मराठी शाळा मिळाली.

माझे वडील दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचे. मी खुर्चीवर बसणारा आमच्या घरातला पहिला, आणि फळ्यासमोर उभी राहणारी ही पहिली. रुजू व्हायच्या दिवशी मी तिला मोटरसायकलवर सोडायला गेलो आणि शाळेच्या फाटकाबाहेर उगाच थांबून राहिलो, पोरं तिला 'टीचर' म्हणतात ते ऐकायला. तेव्हापासून ती आमच्याकडे आणि जावई पुण्याला. सणावाराला येणंजाणं होतं. पण गेल्या दिवाळीनंतर जावयांचा सूर बदलला. नोकरी सोड आणि पुण्याला ये, तिथं शाळांना तोटा नाही, असं ते फोनवर म्हणायला लागले. मुलगी फोन ठेवायची आणि वह्या तपासायला बसायची. मला विचारलं तर म्हणायची, "बाबा, मले नाही सोडाची नोकरी. त्याईले समजत नाही."

कापूस वेचणीच्या दिवसांत जावई स्वतः गाडी घेऊन आले. न्यायलाच आले होते, पण तसं म्हणाले नाहीत. बायकोनं गावरान कोंबडा केला, भाकरी केल्या, आणि जावई जेवत असताना त्यांच्या ताटाकडे असं लक्ष ठेवलं की विरोधी पक्षानं मतमोजणीवरही ठेवलं नसेल. दुसऱ्या दिवशी रविवार. इथं खरंच गोल्फ आहे का, असं जावयांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत नागपूरकरांचंच हसू होतं, फक्त जास्त सभ्य. मी म्हटलं, "चाला ना, पाहू." लगेच माझ्या डोक्यात जुनं यंत्र सुरू झालं.

सकाळी जावई उठायच्या आत चुलीपाशी आमची बैठक झाली. मी मुलीला सगळं समजावून सांगितलं. माझा गुडघा दुखतो, म्हणून मी नुसता सोबत चालणार. खेळणार तुम्ही दोघं. सुरुवातीला एखादं भोक जिंक, एखादं हर, बरोबरीत ठेव आणि शेवटचं त्यांना दे. माणूस खुशीत असला की मोठ्या मनाचा होतो. परत येताना गाडीत मी नोकरीचा विषय काढतो, अजून काही वर्षं राहू द्या म्हणतो, ते हो म्हणतात. कोणता फटका कुठे मारायचा ते तू मला विचारत जा, मी सांगेन.

"म्हंजे मुद्दाम हरू?" मुलगी म्हणाली.

"अवं, जावई माणूस हाये," बायको म्हणाली. "घरी आलेल्या जावयाले कोनी हरवते का? चार लोकं काय म्हनतीन?"

आमच्याकडे जावयाला वाढताना नको म्हणू देत नाहीत, खुर्ची असताना खाली बसू देत नाहीत आणि पत्त्यांतसुद्धा त्याच्यावर हुकूम टाकत नाहीत. गोल्फचं वेगळं काही असेल असं आम्हाला कुणालाच वाटलं नाही. मुलीनं चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. मग म्हणाली, "नोकरी राह्यते ना? मंग हरते." आणि केस बांधायला उठली.

डोंगरावर सोबती स्वागताला उभाच होता. जावयांनी त्यांचे दांडे बाहेर काढले, प्रत्येकाला टोपी घातलेली, आणि मग पहिलं खळं बघितलं. वाकून बोट लावलं. वास घेतला. "हे शेण आहे?" असं त्यांनी फार शांतपणे विचारलं.

"ताजं," सोबती अभिमानानं म्हणाला.

पुढचा खेळ ठरल्याप्रमाणे चालला. मुलगी मला विचारायची, मी सांगायचो, आणि ती जिंकायचं तिथं जिंकायची, हरायचं तिथं हरायची. हरताना तिच्याइतकं सफाईदार कुणी हरू शकणार नाही. चेंडू खळ्याच्या वरच्या अंगाला नेऊन ठेवायची, अगदी जवळ, टाळी वाजवावी इतका जवळ, आणि मग हलक्या हातानं मारून पळाटीत घालवायची. जावई हळहळायचे, तिला दांडा कसा धरायचा ते समजावून सांगायचे, मनगट असं ठेव म्हणायचे. ती ऐकून घ्यायची. एकदा माझ्याकडे बघून तिनं डोळे मोठे केले, आणि मी आभाळाकडे बघितलं.

पाचव्या भोकापाशी कडुनिंबाखाली पोचम्मा देवीचं ठाणं आहे, दगडी कुंपण घातलेलं. तिथला नियम असा की चेंडू आत पडला तर पायातलं काढून आत जायचं, हातानं चेंडू आणायचा आणि बाहेर टाकून पुढे खेळायचं, दंड नाही. त्यामुळे जुने खेळाडू अडचणीत आले की सरळ पोचम्मावरच नेम धरतात. आम्ही विहारात जाणारी माणसं, मी तिथं हात जोडत नाही, पण चपला काढतो. मैदानाचा नियम तो नियम. जावयांचा चेंडू तिथं गेला. असा नियम कुठल्याच पुस्तकात नाही, असं ते म्हणाले.

"पुस्तक ठीक हाये सार," सोबती म्हणाला, "पन अम्मा इथं अगोदरपासून हाये."

जावयांनी महागाचे बूट काढले, मोजे काढले, आणि मुरमावरून तोंड वाकडं न करता आत जाऊन चेंडू घेऊन आले. मला त्यांचं खरंच कौतुक वाटलं. असा माणूस आपल्या मुलीचं ऐकेल, असंही वाटलं, आणि मी खूश झालो.

आठ भोकं झाली तेव्हा दोघं बरोबरीत होते. माझं काम इतकं चोख झालं होतं की एखादा जुना साहेब बघायला हवा होता, असं मला वाटून गेलं. राहिलं होतं नववं भोक, आणि ते या डोंगरावरचं सगळ्यात खोडसाळ. उंच ओट्यावरून मारायचं. समोर डोंगराच्या कुशीत खळं, त्यावर लाल फडक्याचा झेंडा. खळ्याच्या खाली लगेच नाला, आणि तिथला बांध गेल्या पावसाळ्यात वाहून गेलेला. सोबती अजून एम कादुच म्हणतोय. झेंड्यावर सरळ मारलं तर चेंडू खळ्यावर पडतो, सावकाश खाली सरकतो आणि नाल्यात जातो. आमचं ठरलं होतं तेच. मुलगी विचारणार, मी "झेंड्यावर" म्हणणार.

जावयांनी आधी मारला. त्यांचा चेंडू अलीकडेच वाटेवर पडला, लांब, पण सुखरूप. ते खूश होऊन आमच्याकडे वळले. घाम पुसला. चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, आता गाडीपर्यंत थांबायचीही गरज नाही.

"बाबा, खरं सांगू?" ते म्हणाले. "येताना मला धाकधूक होती. पण आता वाटतं, सगळं नीट होणार. मी ठरवलंय. उद्या सोमवार, आपण तिघं शाळेत जाऊ आणि हिचा राजीनामा देऊन टाकू. तुम्हाला तिथं सगळे ओळखतात, तुम्ही बरोबर असलात तर पटकन होईल."

मोठ्या मनानंच म्हणाले ते. माणूस खुशीत असला की मोठ्या मनाचा होतो, यावर मी सगळं आयुष्य काढलं, आणि हा खुशीतला माणूस माझ्यासमोर उभा राहून सांगत होता की त्याचं सगळं बरोबरच होतं. सकाळपासून आम्ही त्याला तेच तर सांगत होतो, प्रत्येक भोकावर. मला राग आला. जावयाचा थोडा आला, माझा बराच आला. त्या पंख्याचासुद्धा आला.

मुलगी ओट्यावर उभी होती. नवऱ्याकडे तिनं बघितलं नाही. दांडा हातात, पाठ माझ्याकडे. मला भीती वाटली की ती आता रडेल किंवा दांडा टाकून देईल. पण तिनं ठरल्याप्रमाणे विचारलं, फक्त आवाज बारीक झाला होता.

"बाबा, कुटं मारू?"

"डाव्या अंगाले मोहाचं झाड हाये," मी म्हणालो. "त्याच्या बुंध्यावर मार. वरतून."

ती वळली. "वरतून?"

"हो माय. खाली नाला हाये."

जावई हसले. तिकडे तर जंगल आहे, असं म्हणाले. तोवर तिनं मारला होता. टोल्याचा आवाज कोरडा, स्वच्छ आला. चेंडू झेंड्याच्या कितीतरी डावीकडे गेला, मोहाच्या अलीकडे मुरमावर आपटला, एकदा उडाला, आणि मग डोंगर त्याला घेऊन निघाला. उतारावरून, दगडांच्या मधून, सावकाश, खळ्याच्या वरच्या काठावर, तिथून खाली. दगडांनी त्याचा जोर आधीच खाल्ला होता, म्हणून झेंड्याजवळ आला आणि थांबला. सोबती तेलुगूत काहीतरी ओरडला. त्यात समजुतीचं काहीच नव्हतं.

जावई भोकापर्यंत पोचेतो मुलीचा चेंडू आत जाऊन गप्प बसला होता. ते तिच्याकडे बघत राहिले. रागावले नव्हते, गोंधळले होते.

"तुला असं मारता येतं? मग सकाळपासून काय करत होतीस?"

पुण्याच्या माणसाशी ती नेहमी शाळेतली मराठी बोलते. त्या दिवशी विसरली. "तुमचा मान ठेवून राह्यली व्हती," ती म्हणाली. "उद्या मी शाळेत जाईन. राजीनामा द्याले नाही, शिकवाले. माह्या वर्गात पोरं हायेत. तुमी मले एकदाबी इचारलं नाही, थे कोनत्या वर्गात हायेत म्हून."

वाऱ्यावर झेंड्याचं फडकं फडफडत होतं. जावयांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांच्या घरात अशा वेळी बघतात तसंच, वडीलधाऱ्याकडे.

"बाबा, तुम्ही तरी हिला समजवा."

"जावईबापू," मी म्हणालो, "म्या समजावलं, म्हूनच तर सकाळपासून हरून राह्यली थे."

परत येताना गाडीत नोकरीचा विषय काढायची गरज उरली नाही. बायकोनं दारातच चेहरे वाचले आणि कपाळाला हात लावला, "हरवलं ना पाव्हण्याले?" आणि त्या दिवशी मला दुपारचं जेवण उशिरा मिळालं. जावई दुसऱ्या दिवशी एकटेच निघाले. जाताना पाया पडले, नेहमीसारखे. मुलगी शाळेत गेली, संध्याकाळी आली, वह्या तपासल्या. तिच्या खोलीचा दिवा उशिरापर्यंत जळायचा आणि मला कळायचं नाही की आत वह्या आहेत की दुसरं काही. मी आयुष्यात एकदाच, जिंकायला म्हणून, वरच्या अंगानं मारायला सांगितलं होतं. आपण पोरीचा संसार मोडला की काय, ही धास्ती मला सोडत नव्हती. बायको तर माझ्याशी फक्त भांड्यांतून बोलत होती.

मग एका संध्याकाळी जावयांचा फोन आला. मुलगी भाकरी थापत होती, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. बायकोनं चुलीतला जाळ उगाच मागे ओढला. मी पेपर समोर धरला. नमस्कार-चमत्कार झाले, पाऊसपाणी झालं. मग जावई म्हणाले, "परवा इथल्या मैदानावर तो फटका मारून बघितला. जमला नाही. तू तो कसा मारलास?"

मुलीनं भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले, पदराला पुसले.

"फोनवर नाही सांगता येत," ती म्हणाली. "इकडं राहाले या, शिकवते."

मी पेपरचं पान उलटलं, आवाज करून, म्हणजे आपण ऐकत नाही असं वाटावं.

"आणि तुझी पोरं," जावयांनी विचारलं, "कोणत्या वर्गात आहेत?"